अमावास्येची रजा

दिवाळीतलं लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला येतं. पावसाचे ढग नुकते सरलेले असतात, चार महिने हवेतली धूळ धुऊन निघालेली असते आणि चंद्र आकाशात नसतो. आकाश बघणाऱ्या माणसासाठी मोसमातली ही पहिली खरी काळी रात्र. नेमक्या त्याच रात्री त्याला घराबाहेर पडता येत नाही. पूजा असते, माहेरची-सासरची माणसं आलेली असतात, दुसऱ्या दिवशी पाडवा असतो. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि मृगाच्या दिशेनं येणाऱ्या ओरायनिड उल्कांचा भरही त्याच सुमाराला होता. रात्री नऊ-दहाला ईशान्येपासून माथ्यापर्यंत नजर फिरवली, तर ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आणि तिचा बाप वृषपर्वा ही तारकासमूहांची रांग दिसते. एका घरातल्या कलहाची ही सगळी मंडळी. मराठी आकाशनिरीक्षकांनी ही नावं अजून बोलण्यात ठेवली आहेत, याचं मला फार बरं वाटतं.

या छंदाचं आणि संसाराचं वेळापत्रक जमत नाही, ते केवळ दिवाळीपुरतं नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश बंद. ऑगस्टच्या मध्यावर ययातीतल्या पर्सिड उल्कांची जगभर वाट पाहिली जाते. कोकणातला आणि मुंबईतला माणूस ती पावसाचा आवाज ऐकत पाहतो. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतात, आणि चांगल्या अमावास्येला जोडून आलेल्या शनिवारी कुणाच्या तरी घरी हळद असतेच. १३-१४ डिसेंबरची जेमिनिड उल्कांची रात्र बहुतेक वेळा कामाच्या दिवशी येते. मेसिएच्या यादीतले एकशे दहा तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका एका रात्रीत पाहण्याची मॅरेथॉन मार्च-एप्रिलच्या अमावास्येलाच जमते, आणि मार्च म्हणजे परीक्षा. एप्रिल-मेमध्ये सुट्टी असते, तर आकाश धुरकट. असं करत करत हातात उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या अमावास्यांच्या आसपासच्या काही मोजक्या रात्री. त्या घरच्यांकडून मागून घ्याव्या लागतात.

१९९५ साली तर या ओढाताणीचा कळस झाला. लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला आणि खग्रास सूर्यग्रहण २४ च्या सकाळी. सावलीचा पट्टा राजस्थानातल्या नीम का थानावरून फतेपूर सिक्रीकडे आणि पुढे बंगालमध्ये डायमंड हार्बरकडे गेला. पाहायचं, तर ऐन दिवाळीत आगगाडीत बसणं भाग होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांचा नकार होता. आईनं फराळाचा डबा भरून दिला आणि ‘जाऊ दे तिला, दिवाळी पुढच्या वर्षीही येईल’ एवढंच म्हणाली. राजस्थानात खग्रास अवस्था मिनिटभरही टिकली नाही. त्यासाठी आईनं घरात किती दिवस अबोला सोसला, ते मला पुष्कळ नंतर कळलं.

माझं म्हणणं त्या अबोल्याबद्दल आहे. हौशी खगोलशास्त्राचा खर्च लोक पैशांत मोजतात: दुर्बीण केवढ्याची, आयपीस केवढ्याचा, कॅमेरा कोणता. खरा खर्च रात्रींचा असतो, आणि घरातली रात्र कधीच एकट्याची नसते. पहाटे पाचला जो माणूस दव पडलेल्या सतरंजीवर शनीची कडी बघत असतो, त्याच्या घरी त्या वेळी कुणीतरी दूध घेतं, पाणी भरतं, मुलाला व्हॅनपर्यंत सोडतं, म्हाताऱ्या माणसाला औषध देतं. निरीक्षणाच्या वहीत तारीख, वेळ, आकाशाची स्थिती, दुर्बिणीचा व्यास हे सगळं लिहितात. सकाळ कुणी सांभाळली, हे लिहायला त्या वहीत रकाना नसतो.

महाराष्ट्रात या छंदाला मोठी परंपरा आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, देशातली सर्वांत जुनी हौशी संस्था. हॅलेचा धूमकेतू येण्याच्या सुमाराला मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. कर्जत लाइनवरच्या वांगणीला रात्रभर आकाश दाखवण्याच्या कार्यक्रमांनी कितीतरी शहरी मुलांना पहिल्यांदा आकाशगंगा दाखवली. मीही त्यांतलीच एक. संध्याकाळच्या लोकलनं जायचं, रात्रभर उभं राहायचं, सकाळच्या पहिल्या गाड्यांनी परतायचं. मात्र पहाटे तीनला त्या मैदानात नजर फिरवली की बायका मोजक्याच दिसत. अविवाहित मुली असत, पन्नाशीच्या पुढच्या एक-दोन बायका असत. मधली वयं गायब. चहाच्या वेळी पुरुषांत ‘घरून परवानगी मिळाली का?’ अशी थट्टा चाले. ती मला कधी आवडली नाही. तिच्यात घरातली बाई आडकाठी घालणारी ठरते, आणि तिची झोपमोड कुठेच मोजली जात नाही.

हा प्रकार आजचा नाही. विल्यम हर्शल बाथ शहरात संगीत शिकवून पोट भरत होता आणि घराच्या खोल्याखोल्यांतून दुर्बिणी बनवत होता. जर्मनीतून गायनाचं शिक्षण घ्यायला आलेली त्याची बहीण कॅरोलिन घर चालवायची. आरसा घासायला बसला की तो तासन् तास हात काढत नसे. एकदा तर सलग सोळा तास. तेव्हा कॅरोलिन त्याला घास भरवायची, कंटाळा येऊ नये म्हणून वाचून दाखवायची. धातूचा मोठा आरसा ओतायचा, तर साच्यासाठी घोड्याची लीद लागे. ती कांडून चाळायचं कामही तिचं. १७८१ च्या ऑगस्टमध्ये त्या घराच्या तळमजल्यावर वितळलेला धातू सांडला, दगडी फरशा तडातड फुटून उडाल्या आणि सगळे जीव घेऊन बाहेर पळाले. त्याच वर्षी १३ मार्चला हर्शलनं युरेनस शोधला होता. इतिहासाला मार्च ठाऊक आहे.

कॅरोलिनची हकिगत पुढे आहे. १ ऑगस्ट १७८६ ला तिनं स्वतःचा पहिला धूमकेतू शोधला. त्या दिवसांत विल्यम दुर्बीण पोचवायला जर्मनीला गेला होता. भावाच्या नोंदी लिहिण्यात जाणारी तिची रात्र तेव्हा तिची होती. १७९७ पर्यंत तिनं आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला पन्नास पौंड मिळू लागले. १७८८ मध्ये विल्यमनं लग्न केलं, कॅरोलिन वेगळी राहायला गेली, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांच्या रोजनिश्या तिनं स्वतःच नष्ट केल्या. त्या घरात काय घडलं, हे आपल्याला कळू नये अशी तिची इच्छा होती. ती मी मानते. पण भाऊ गावाला गेल्यावर बहिणीला धूमकेतू सापडतो, एवढी नोंद प्रत्येक खगोल मंडळाच्या भिंतीवर लावावी असं मला वाटतं.

दोनशे वर्षांनी अमेरिकेत कॅरोलिन शूमेकर यांचं आयुष्य दुसऱ्या वाटेनं गेलं. नवरा युजीन नामांकित भूवैज्ञानिक. कॅरोलिन यांनी तीन मुलं वाढवली, आणि ती घराबाहेर पडल्यावर, वयाच्या ५१ व्या वर्षी, आकाशाच्या छायाचित्रांतून धूमकेतू शोधायला सुरुवात केली. आधी त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांच्या नावावर ३२ धूमकेतू आहेत. त्यांतला ‘शूमेकर-लेव्ही ९’ हा धूमकेतू जुलै १९९४ मध्ये गुरूवर आदळला, तेव्हा जगातल्या बहुतेक मोठ्या दुर्बिणी गुरूकडे वळलेल्या होत्या. आमच्या गटातल्या ज्या मैत्रिणी मूल झाल्यावर ‘आता संपलं’ म्हणून दुर्बीण विकायला काढतात, त्यांना मी ही गोष्ट दर वेळी सांगते. दुर्बीण विकू नका. कपाटावर ठेवा, आरशावर बुरशी येऊ नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाका. मीही अशीच कैक वर्षं ठेवली होती.

घरापासून लपवून छंद करणारेही असतात, आणि त्यांची सर्वांत सुंदर गोष्ट एका मठातली आहे. जॉन डॉबसन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत १९४४ मध्ये दाखल झालेला संन्यासी. जहाजाच्या खिडकीच्या टाकाऊ काचेचा आरसा घासून त्यानं दुर्बीण केली, आणि रात्री ती ढकलत मठाबाहेर नेऊन शेजारपाजारच्या मुलांना चंद्र दाखवू लागला. मठात हे चालण्यासारखं नव्हतं. म्हणून मित्रांच्या पत्रांत दुर्बिणीला ‘जिरेनियम’ म्हणायचं ठरलं; कुंडीतलं जिरेनियम म्हणजे नळीत बसवलेली दुर्बीण, फुललेलं जिरेनियम म्हणजे आरशावर मुलामा चढलेली. अखेर १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. त्यानं रूढ केलेली लाकडी पेटीवर फिरणारी स्वस्त दुर्बीण आज जगभर डॉबसोनियन म्हणून ओळखली जाते, आणि आपल्याकडच्या कितीतरी गच्च्यांवर ती आहे. मला डॉबसनबद्दल अपार आदर आहे. तरीही आयपीसचं बिल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्या तरुणांना सांगावंसं वाटतं की सांकेतिक भाषा कुठल्याच घरात फार दिवस टिकत नाही. किंमत खरी सांगा, रात्री खऱ्या सांगा.

आरसा घासण्याचा विषय निघाला आहे, तर तो जवळून सांगते, कारण घर आणि छंद यांची सगळ्यात जास्त घासाघीस तिथेच होते. आयत्या दुर्बिणी सहज मिळत नव्हत्या तेव्हा सहा इंची आरसा घरीच करायची पद्धत होती. काचेच्या दोन जाड चकत्या, एकावर एक. खालची पिंपावर किंवा भक्कम स्टुलावर बसवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि वरची चकती पुढेमागे घासत, थोडी थोडी फिरवत, आपणही स्टुलाभोवती फिरत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते. पूड आधी ८० नंबरची, भरड. मग १२०, २२०, पुढे मैद्यासारखी ६००. प्रत्येक नंबर बदलताना बाल्कनी, बादली, हात, नखं, कपडे सगळं धुऊन काढायचं, कारण भरड पुडीचा एक कण मागे राहिला तर शेवटच्या दिवशी आरशावर ओरखडा उठतो आणि पुन्हा मागच्या नंबरवर यावं लागतं. मग पॉलिश. त्यासाठी डांबरासारखं पिच वितळवायचं, त्यात थोडं टर्पेंटाइन, आणि ते स्वयंपाकघरातल्या गॅसवर. त्याचा वास पडद्यांना चार दिवस येतो, आणि ज्या पातेल्यात ते वितळवलं त्या पातेल्याला घर कायमचं मुकतं. पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडची गुलाबी-तांबूस राड करून तासन् तास घासायचं. शेवटी आरशाचा आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत बरोबर यावा लागतो. तळहाताची ऊबसुद्धा काच फुगवते, म्हणून तपासण्याआधी थांबावं लागतं. तपासणी अंधाऱ्या पॅसेजमध्ये, एक दिवा आणि ब्लेडची धार एवढ्या साधनांवर, फूकोच्या पद्धतीनं. त्या वेळी पॅसेजमधून कुणी गेलं तर हवा हलते आणि आरशावरची सावली थरथरते. म्हणजे अख्ख्या घरानं आपापल्या खोलीत बसायचं.

आमच्या घरात हे सगळं झालं, आणि सासूबाई त्या काळात बाल्कनीत वाळवणं घालू शकल्या नाहीत. त्यांनी पातेलं मात्र स्वतःहून दिलं होतं. आरसा पुरा झाल्यावर पहिलं त्यांनाच बोलावलं. दिवस संकष्टीचा होता. संकष्टीचा चंद्र पौर्णिमेनंतर चौथ्या दिवसाच्या आसपासचा; त्याच्या उजवीकडच्या कडेला अंधार शिरू लागलेला असतो, आणि त्या बाजूची विवरं उजेड-अंधाराच्या रेषेजवळ येऊन ठसठशीत दिसतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो. संकष्टीचा खरोखर पाहण्याजोगा. सासूबाई उपाशी होत्या, ताट तयार होतं. त्यांनी आधी दुर्बिणीतून पाहिलं, मग हात जोडले, मग आत जाऊन जेवल्या. तेव्हापासून चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयात बघून मला सांगायचं काम त्यांनी घेतलं. ‘अगं, आज नऊ-वीस. तुझं ते बाहेर काढ.’ माझा नवरा या छंदात नाही. त्याला झोप प्रिय आहे. पण ‘तू जा, सकाळचं मी बघतो’ हे वाक्य तो मोकळेपणानं म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची आठवण करून देत नाही.

ग्रहणाच्या बाबतीत सासूबाईंचं आणि माझं जमत नव्हतं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पावणेपाचनंतर सूर्याला ग्रहण लागलं आणि सूर्य तसाच मावळला. पंचांगाच्या भाषेत ग्रस्तास्त. सासूबाई वेध पाळून आत बसल्या होत्या. आम्ही वाद घातला नाही. पुठ्ठ्याला भोक पाडून गच्चीच्या भिंतीवर सूर्याची चावलेली प्रतिमा पाडली आणि मुलानं तिचा फोटो आत नेऊन आजीला दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

ज्यांच्यासाठी घरच्यांकडे रात्र मागावी लागत नाही, अशीही निरीक्षणं असतात, आणि संसारी माणसानं त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावं असं माझं ठाम मत झालं आहे. रूपविकारी तारे हे त्यांतलं पहिलं काम. ताऱ्याचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहायचं आणि आकडा लिहायचा. दहा मिनिटं पुरतात. जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नोकरी करत. तीन इंची दुर्बिणीतून त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी सुरू केल्या. त्या इतक्या चोख होत्या की १९२६ मध्ये अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेनं त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. आयुष्यात त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. तीच दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आणि मग कावलूरच्या वेधशाळेत गेली. चंद्रांच्या या सगळ्या नोंदी दिवसभर खजिन्यात पैसे मोजून झाल्यावर.

दुसरे इंग्लंडमधले जॉर्ज अल्कॉक, शाळामास्तर. ३ मे १९८३ ला त्यांना घरातल्या घरात, बंद खिडकीच्या काचेतून, बायनॉक्युलरनं धूमकेतू सापडला. आयरास उपग्रहाला तो काही दिवस आधी दिसला होता आणि जपानमधल्या अराकींनाही स्वतंत्रपणे सापडला, म्हणून त्याचं नाव आयरास-अराकी-अल्कॉक. आठवडाभरात तो पृथ्वीपासून सुमारे ४७ लाख किलोमीटरवरून गेला. दोनशे वर्षांत इतक्या जवळून दुसरा धूमकेतू गेला नव्हता. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमधून मला धूमकेतू सापडणार नाही, हे मला माहीत आहे. पण २०१९ च्या अखेरीस मृगातला काक्षी मंदावू लागला, तेव्हा त्याच ग्रिलमधून आम्ही सगळे तो रोज बघत होतो. आधी तो रोहिणीपेक्षा तेजस्वी होता, मग तिच्याइतका, मग तिच्याहून फिका. फेब्रुवारी २०२० मध्ये तो तळाला गेला. तो फुटणार का, यावर जेवताना चर्चा होत. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितलं की ताऱ्यानंच बाहेर टाकलेल्या धुळीनं तो झाकला होता. ना दुर्बीण, ना प्रवास, ना कुणाची सकाळ बिघडली.

मुलांबद्दल एकच सांगते. पहाटे तीनला झोपेतून ओढून शनी दाखवलेलं मूल शनीवर रागावतं. आमच्या मुलाला क्रिकेट आवडतं, आणि त्याच्या सामन्यांच्या रविवारी मी अमावास्या सोडते. सहलीच आखायच्या, तर दिवसाही काही पाहण्याजोगं असेल अशा आखाव्यात: २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण पाहता येते, आणि २०२४ पासून पेंच व्याघ्रप्रकल्प हे देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ झालं आहे. ज्याला वाघ बघायचा त्यानं दिवसा वाघ बघावा, ज्याला आकाश बघायचं त्यानं रात्री आकाश.

आता मंडळं चालवणाऱ्यांना विनंती. रात्रभराचे कार्यक्रम जरूर ठेवा, पण मोसमात एक-दोन कार्यक्रम असे ठेवा की जे साडेदहाला संपतील आणि शेवटच्या गाडीनं घरी जाता येईल. ती वेळ पत्रकावर छापा. मैदान ठरवताना आधी स्वच्छतागृह बघा, मग क्षितिज. लहान मुलं घेऊन येणाऱ्या आयांसाठी एक खोली आणि लाल दिवा ठेवा. जेमिनिड शनिवारी येत असतील त्या वर्षी वडिलांनी घरी राहायचं आणि आईनं यायचं, असं एकदा जाहीरपणे सुचवून पाहा. आणि अजून एक तारीख आजच लिहून ठेवा. २० मार्च २०३४, सोमवार. भारतातून दिसणारं पुढचं खग्रास सूर्यग्रहण त्या दिवशी आहे. पट्टा काश्मीर-लडाखच्या भागातून जातो. २०२५-२६ साली दुसरीत असलेलं मूल तेव्हा दहावीची परीक्षा देत असेल. त्या घरांतून कोण जाईल आणि कोण थांबेल, हे आत्तापासून बोलायला घ्या.